एक पाटा जास्तीचा

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा एक व्हिडिओ देशभर फिरला. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून साधारण ६० हजार रुपयांत एक छोटी जीप बनवली होती. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ शेअर केला, त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीसुद्धा. सगळ्यांनी त्या किकचं कौतुक केलं, आणि ते साहजिकच होतं. पण एक प्रश्न बाजूला राहिला. जीप आतून-बाहेरून ओळखणारे हात या भागात आले कुठून?

माझं उत्तर साधं आहे. इथं जीप पन्नास वर्षांहून जास्त काळ मोडत आली आहे, आणि जी वस्तू वारंवार मोडते ती माणसाला पाठ होते. देवराष्ट्र्याहून विट्यामार्गे पूर्वेला गेलं की आटपाडी तालुका लागतो. माणगंगेच्या काठचा, पावसाला पारखा, मुरमाड माळरानाचा. अशा रस्त्यांवर जीप बहुतेक वेळा मागच्या बाजूनं मोडते. पाटा तुटतो, सेंटर बोल्ट कापला जातो, एक्सलचा शाफ्ट तुटतो. दुष्काळी भागाचा इतिहास आपण पाऊस, छावण्या आणि स्थलांतर यांच्या हिशेबात वाचतो. तो मागच्या एक्सलवरूनही वाचता येतो.

पाट्याची चार कामं

आधी गाडीखाली जाऊ. जुन्या जीपच्या दोन मागच्या चाकांना जोडणारी एक जाड लोखंडी नळी असते, तिला हाउसिंग म्हणतात. तिच्या पोटात क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियल असतं. तिथून दोन शाफ्ट दोन चाकांकडे जातात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतं. हे सगळं दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर यू बोल्टनं आवळलेलं असतं. पाटे म्हणजे पोलादाच्या लांब पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. सगळ्यांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात, आणि त्या डोळ्यांनी तो चासीला लटकतो.

आता या पाट्याची कामं मोजा. तो गाडीचं वजन पेलतो. खड्ड्याचा धक्का गिळतो. एक्सल जागेवर धरून ठेवतो, कारण एक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून दुसरं काहीच नसतं. आणि गाडी जोर लावते किंवा ब्रेक मारते तेव्हा हाउसिंगला येणारा पीळही तोच सोसतो. चार कामं, एक वस्तू. म्हणूनच ती स्वस्त आहे, गावच्या लोहाराला समजते, आणि तुटली की एकदम चार गोष्टी बिघडतात. मेन पाट्याचा डोळा तुटला तर एक्सलच सुटेल, म्हणून काही गाड्यांत दुसरा पाटाही त्या डोळ्याभोवती वळवलेला असतो. त्याला मिलिटरी रॅप म्हणतात. नावातच जीपचं मूळ आहे.

आखाची गाडी

जीपच्या आधी इथं बैलगाडी होती आणि बैल खिलार. खिलार जातीत ‘आटपाडी महाल’ नावाचा एक प्रकार पशुतज्ज्ञ आजही वेगळा सांगतात. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतला जनावरांचा बाजार याच बैलांसाठी नावाजलेला. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. व्यंकटेश माडगूळकर याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांच्या १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर पायी जातो, कारण दुसरा मार्गच नसतो.

बैलगाडीच्या आखाला कमान नसते. धक्का सरळ साट्याला, तिथून माणसाच्या कण्याला. पण बैलगाडीत एक शहाणपण आपोआप होतं. ओझं जास्त झालं की बैल थांबायचा. त्याच्या मानेवर आणि खांद्यावर ते दिसायचं. भार किती झाला हे सांगणारी व्यवस्था गाडीच्या पुढे जिवंत उभी होती. टांग्याला कमानी होत्या, पण टांगा बाजारगावचा आणि सपाट रस्त्याचा. माळावरच्या वाडीला तो उपयोगाचा नव्हता.

पाव टनाची गाडी

जीपचा जन्म युद्धातला. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बॅन्टम कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट यांनी आराखडा केला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना लष्कराच्या हवाली झाला. पुढे विलीज आणि फोर्डनं ती लाखोंनी बनवली. लष्करी भाषेत तिचं नाव ‘क्वार्टर टन ट्रक’. पाव टन म्हणजे ५०० पौंड, जवळपास २२७ किलो. हा आकडा लक्षात ठेवा.

युद्धातल्या विलीज एमबीचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंग होता. म्हणजे चाकाचा हब हाउसिंगवरच्या बेअरिंगांवर फिरतो, वजन हाउसिंग घेते आणि शाफ्टचं काम फक्त चाक फिरवणं. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी नागरी जीप आली, सीजे-टूए. तिच्या सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पुढे सेमी-फ्लोटिंग एक्सल बसवला गेला, आणि सीजे-थ्रीबीतही तोच राहिला. यात शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही पेलतो. भाग कमी, खर्च कमी. नेमून दिलेल्या भाराला तो पुरेसा होता. पण शाफ्ट तुटला तर चाक गाडी सोडून जाऊ शकतं. हा फरक पुढे माणसांच्या जिवावर येणार होता.

भारतात १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४७ मध्ये विलीजच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत आल्या. मुंबईत माझगावला जीप जोडली जाऊ लागली. सुरुवातीला ती सरकारी गाडी होती. वाडीवर जीप आली की माणसं आधी घाबरायची, कारण तिच्यात वसुली नाहीतर पोलीस असायचे.

खडी

जीप वाडीपर्यंत पोचायला रस्ता लागतो. तो बऱ्याच ठिकाणी दुष्काळानं दिला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लाखो माणसं सरकारी कामांवर होती. नालाबांध, पाझर तलाव, आणि सगळ्यांत जास्त लक्षात राहिलेलं काम म्हणजे खडी फोडणं. रोजगार हमीची कल्पना लावून धरणारे वि. स. पागे सांगली जिल्ह्यातलेच. ती योजना १९७२ मध्ये सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

त्या वर्षांत बायकांनी हातोडीनं फोडलेली खडी अनेक वाड्यांचा पहिला रस्ता ठरली. ते रस्ते मजुरी देण्यासाठी निघाले होते, त्यामुळे पुष्कळदा डांबर कधी पडलंच नाही. पावसाळ्यात मुरूम वाहून जायचा आणि खडी उघडी पडायची. उघड्या खडीवर गाडी सतत थरथरते. मोठा खड्डा ड्रायव्हरला दिसतो, तो वेग कमी करतो. ही थरथर मात्र मैलोगणती चालू असते. पाट्यांच्या मधे धूळ शिरते, वंगण सुकतं, पोलाद पोलादाला घासतं. त्यात पुढे माणगंगेतली वाळू वाहणारे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्यांवर आल्या. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम भरलेल्या गाड्या फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान जवळपास सोळापट होतं. म्हणजे रस्ता मोडायचा जड गाड्यांनी, आणि त्या मोडलेल्या रस्त्याचे धक्के खायचे जीपनं.

वडाप

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतरच्या दशकांत एसटीनं महाराष्ट्र जोडला, यात वाद नाही. पण मुक्कामाची एक गाडी आणि सकाळची एक गाडी एवढ्यावर वाडीचं भागत नव्हतं. दवाखाना, आठवडी बाजार, कॉलेज, कोर्टाची तारीख, गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात निघालेला पोरगा, सगळ्यांना मधल्या वेळी जायचं असायचं. ती पोकळी वडापनं भरली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे माणशी भाडं घेऊन भरेल तशी सुटणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. नव्वदच्या दशकात कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, आणि १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो, अशा लांब गाड्या यात उतरल्या. पुढचं सस्पेन्शन गाडीगणिक वेगळं असलं तरी मागं पाटेच होते.

कायद्याच्या नजरेत हे बेकायदा होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात टप्प्याटप्प्यावर माणसं चढवणं-उतरवणं हे टप्पा वाहतुकीच्या परवान्याचं काम. जीपवाल्याकडे तो नसायचा. त्यामुळे वडापवाल्याच्या खर्चात डिझेल आणि पाटे यांच्या जोडीला दंड, तडजोडी आणि गाडी अडकली तर बुडालेले दिवस असं सगळं यायचं. ते भरून काढायचा एकच मार्ग होता. अजून दोन माणसं घ्या.

ही दोन माणसं बसायची कुठं? आत जागा संपली की मागच्या फळीवर उभी राहायची, शिडीला धरून. इथं साधं गणित करून बघू. एमएम ५४० जीपच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर ९१ इंच, म्हणजे सुमारे २.३ मीटर. समजा ६० किलोची चार माणसं मागच्या एक्सलच्या ०.९ मीटर मागं उभी आहेत. त्यांचं वजन २४० किलो. पण मागच्या एक्सलवर वाढलेला भार २४० नाही, तो सुमारे ३३४ किलो आहे. वरचे ९४ किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. तरफेचा नियम, शाळेतलाच. त्या एकाच क्षणी मागचा एक्सल जास्त दबला आणि ज्या चाकांनी गाडी वळते ती हलकी झाली. चढावर वडापचं स्टिअरिंग ‘हवेत’ लागतं असं ड्रायव्हर म्हणतात, ते या ९४ किलोंमुळे. आत पंधरा माणसं धरली तर तेच ९०० किलो होतात. गाडी मोठी झाली होती, मान्य. पण पाव टनाच्या गाडीच्या वंशजांना आपण काय वाहायला लावलं, हे त्या जुन्या आकड्याशेजारी ठेवून बघावं.

तुकड्याचं तोंड

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे जाणारी एक रेल्वे इंजिनाचा एक्सल तुटून उलटली आणि पेटली. डब्यांना बाहेरून कुलपं होती. पन्नासहून जास्त माणसं गेली. एवढं जाड लोखंड, वर्षानुवर्षं नीट चाललेलं, अचानक का तुटावं? हा प्रश्न त्यानंतर युरोपभरच्या इंजिनिअरांना छळत राहिला. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि ६० च्या दशकांत रेल्वेच्या एक्सलवर चाचण्या केल्या आणि दाखवलं की एका वेळी सहज पेलवेल असा भारही लाखो वेळा आला तर धातू तुटतो. आज आपण त्याला फटीग म्हणतो. धातूचा थकवा.

तुटलेला पाटा किंवा शाफ्ट हातात घेतला तर हे डोळ्यांनी दिसतं. तोंडाचा एक भाग गुळगुळीत आणि काळपट असतो, उरलेला खरबरीत आणि चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर, महिन्यामहिन्यानं पुढे सरकलेली, आत पाणी आणि धूळ गेलेली. चकचकीत भाग शेवटच्या धक्क्याला तुटला. प्रवाशाला तो शेवटचा खड्डा आठवतो आणि सगळा दोष त्याच्यावर जातो. खरं तर पाटा त्याच्या कितीतरी आधीपासून तुटत होता.

मोड कुठं झाली आणि कारण कुठं होतं, यातही अंतर असतं. पाटा पुष्कळदा मधोमध तुटतो, कारण सेंटर बोल्टच्या भोकामुळे तिथं पोलाद कमी आणि ताण सगळ्यांत जास्त. पण चांगले आवळलेले यू बोल्ट तो मधला भाग वाकूच देत नाहीत. यू बोल्ट ढिले पडले की भोकापाशी ताण येतो, एक्सल सरकू लागतो, सेंटर बोल्ट कापला जातो. मग एक चाक थोडं मागं जातं आणि गाडी रस्त्यावर कुत्र्यासारखी तिरकी धावते. बदलला जातो पाटा, चूक होती नटाची. म्हणून नवे पाटे बसवल्यावर थोडी गाडी चालवून यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे असतात. गाडी रोजच्या कमाईवर असली की हेच काम उद्यावर जातं.

जास्तीचा पाटा

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गाडी मागून बसू लागली की त्यावर एक उपाय कुणीही सांगतं. एक पाटा जास्तीचा टाका. उपाय दिसायला चोख आहे. गाडी वर उठते, चाक बॉडीला घासत नाही, मालक खूश.

पण गाडी बसत होती ती तक्रार होती. बैल थांबायचा, तसंच हे. जास्तीच्या पाट्यानं तक्रार बंद केली, भार कमी केला नाही. उलट गाडी बसत नाही म्हणून आता अजून चार क्रेट, अजून दोन माणसं येतात. कडक झालेला पाटा धक्का पूर्वीइतका गिळत नाही, तो पुढे पाठवतो. पाट्याच्या हँगरला, चासीला, हाउसिंगला, बेअरिंगला. सेमी-फ्लोटिंग एक्सल असेल तर शेवटी त्या शाफ्टला, जो चाक धरून आहे. पूर्वी पाटा तुटायचा आणि गाडी लंगडत गावात यायची. आता शाफ्ट तुटतो आणि चाक गाडीच्या पुढे निघून जातं. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरचा सारखा वाजणारा अलार्म वैतागून बंद करतो, तेव्हा हेच करत असतो.

वडापचा सगळा इतिहास मला असा जास्तीच्या पाट्यांचा दिसतो. पाणी नव्हतं, म्हणून खडीचं काम दिलं. रस्ता अर्धाच झाला, म्हणून जीप आली. एसटी पुरत नव्हती, म्हणून जीप दुप्पट भरली. दंड वाढले, म्हणून फळीवर माणसं उभी राहिली. दर टप्प्यावर कुणीतरी बसलेली गाडी थोडी वर उचलली आणि भार एक घर पुढे सरकवला. सरकत सरकत तो फळीवर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरापर्यंत आला. त्याच्या पुढे सरकवायला कुणी उरलं नव्हतं. अपघात झाला की बातमीत ‘क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी’ आणि ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढंच यायचं. दोन्ही खरं असायचं. पण ते तुकड्याच्या तोंडाचा चकचकीत भागच सांगायचं.

याचा अर्थ ड्रायव्हर निर्दोष होता असा नाही. माणसं किती भरायची हे त्याच्या हातात होतं. आणि वडाप नुसतं संकट होतं असंही नाही. अडलेली बाळंतीण रात्री दवाखान्यात नेणारी गाडी तीच, मुलीचं कॉलेज सुटू न देणारी गाडीही तीच. अन्याय एवढाच की सोय सगळ्या समाजाची झाली आणि धोका मात्र मागच्या फळीपुरता राहिला.

पाणी दिलेलं पोलाद

तुटलेला पाटा वाया जात नाही. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं, तेलात विझवून मग बेताच्या उष्णतेनं शेकलेलं. आपली भाषा याला ‘पाणी देणं’ म्हणते. लोहार बसलेला पाटा लाल करून पुन्हा बाक देतो, तेव्हा बाक येतो पण पाणी उतरतं, आणि तो पाटा लवकरच पुन्हा बसतो. याच पोलादाचा कोयता मात्र उत्तम होतो, कारण तिथं लोहार पाणी स्वतः नव्यानं देतो. वडापचा पाटा ऊसतोडीचा कोयता होऊन माळावरून साखर कारखान्याच्या फडात जातो. जुन्या मोटारीचा एक्सल रबरी चाकं लावून बैलांच्या टायरगाडीखाली जातो. आखाची जागा एक्सलनं घेतली खरी, पण पुढे पुन्हा बैलच जुंपले गेले. देवराष्ट्र्याची जीप ज्या हातांतून आली, त्यांची शाळा ही. तिला प्रमाणपत्र नव्हतं.

२०२० च्या नव्या थारमध्ये मागचे पाटे गेले आणि कॉइल स्प्रिंग आले. तिथं स्प्रिंग फक्त वजन पेलते, एक्सल धरायला वेगळे दांडे असतात. एका वस्तूची चार कामं वाटली गेली. आज थार घेऊन माळावर रील करणाऱ्यांनाही मागच्या एक्सलचा त्रास होतो, पण तो हौसेचा. हवेत फिरणारं चाक एकदम दगडावर टेकलं की शाफ्टला झटका बसतो. विमा असतो, टोइंग असतं.

टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीपर्यंत आणलं आणि माळावर डाळिंब वाढलं. आता बाजार समितीच्या डाळिंब सौद्यांना येणाऱ्या पिकअपच्या मागच्या चाकांशी कधी वाकून बघा. पाटे मोजा. कंपनीनं दिले त्यापेक्षा एक-दोन जास्त असले, तर मालकाला पाट्यांबद्दल विचारू नका. डाळिंबाला भाव काय मिळाला आणि एका खेपेचं डिझेल किती लागतं, ते विचारा. तो जास्तीचा पाटा कुणी टाकला, ते त्या हिशेबात सापडेल.